पाण्यात राहून निवडुंगाची सवय: आयसोएटिस हॉवेलीच्या डबक्याचं प्रकरण

1981 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी'त वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कीली यांचा चार-पाच पानांचा लेख छापून आला. आयसोएटिस हॉवेली ही बुडून वाढणारी वनस्पती 'कॅम' गटातली आहे का, असं शीर्षकातच विचारलं होतं, प्रश्नचिन्हासकट. त्या काळी हे विचारणंच धाडसाचं होतं. कॅम (क्रॅसुलेशियन अ‍ॅसिड मेटाबॉलिझम) म्हणजे निवडुंग, घायपात, पानफुटी यांची रीत: दिवसा पर्णरंध्रं बंद ठेवायची, रात्री उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घ्यायचा, त्याचं मॅलिक आम्ल करून पेशीत साठवायचं आणि दिवसा बंद दाराआड ते खर्चून साखर बनवायची. पाणी वाचवण्यासाठीची ही तजवीज, असं प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगत होतं. मग जी वनस्पती गळ्यापर्यंत पाण्यात उभी आहे, तिला पाणी वाचवण्याची काय गरज?

या प्रश्नाचं उत्तर वनस्पतीत शोधत बसलं तर सापडत नाही. ते तिच्या भोवतालच्या पाण्यात आहे. म्हणून या प्रकरणात डबक्याची तपासणी वनस्पतीइतकीच बारकाईने करावी लागते.

हातात घेतल्यावर

आयसोएटिस पहिल्या नजरेला गवताचा झुबका वाटते. टोकदार, पोकळ, पिसाच्या दांड्यासारखी पानं आणि खाली चिखलात रुतलेला बोरापेक्षाही लहान दृढकंद, म्हणजे कंदासारखं आखूड, जाड खोड. ओळख पटवायला दोन गोष्टी पुरतात. पान आडवं कापलं की चार हवानळ्या दिसतात, मध्ये एकच वाहिनी. भिंगाखाली पाहिलं तर या नळ्यांना ठरावीक अंतरावर आडवे पडदे असतात, बांबूच्या पेरांसारखे. दुसरी गोष्ट म्हणजे पान बुडापासून ओढून काढायचं. बूड पांढरं, चमच्यासारखं पसरट असतं आणि त्या चमच्याच्या खळग्यात बीजुककोश, म्हणजे बीजुकांची पिशवी, बसलेला असतो. त्याच्या वर एक इवलीशी पातळ जिव्हिका, म्हणजे जिभेसारखा पापुद्रा, असते.

बीजुकं म्हणजे बी नसलेल्या वनस्पतींचे प्रजननाचे कण; इथे ती दोन प्रकारची. गुरुबीजुकं साध्या डोळ्यांना रव्याच्या कणांसारखी दिसतात, साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर, एका कोशात काही डझनांपासून काहीशेपर्यंत. लघुबीजुकं पिठासारखी, एका कोशात लाखांच्या घरात. फूल नाही, बी नाही. लघुबीजुकातून फक्त चार रेतुकं (नरपेशी) तयार होतात आणि ती पाण्यातून पोहत अंदुकापर्यंत (स्त्रीपेशीपर्यंत) जातात. सेलाजिनेला आणि लायकोपोडियम या जवळच्या भाऊबंदांच्या रेतुकांना दोनच कशाभिका, म्हणजे पोहण्याचे चाबकासारखे धागे, असतात. आयसोएटिसच्या रेतुकाला मात्र पुष्कळ. हे वेगळेपण कुठून आलं, हा स्वतंत्र विषय आहे.

डबकं

आयसोएटिस हॉवेली कॅलिफोर्नियातल्या हंगामी डबक्यांत वाढते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उथळ खोलगट जागेत, खाली पाणी न झिरपू देणारी चिकणमाती किंवा कातळ असेल तिथे पाणी साचतं, वसंतात आटतं आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळते. रिव्हरसाइड काउंटीतलं सांता रोसा पठार अशा डबक्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचे सपाट माथे बेसाल्टचे आहेत. सह्याद्रीतल्या वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल, फक्त पावसाचे महिने उलटे.

अशा डबक्याची खोली बहुधा गुडघ्याच्या आतच. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, पाणी लवकर तापतं आणि तळ हिरव्या झाडोऱ्याने गच्च भरलेला असतो. तलावात जे बदल हंगामाभरात होतात, ते इथे एका दिवसात होतात. हा वेग हेच या प्रकरणाचं मर्म.

पाण्याचे चोवीस तास

आधी एक हिशेब. पाण्यात विरघळलेला अजैव कार्बन तीन रूपांत असतो: मुक्त कार्बन डाय-ऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. कुठलं रूप किती, हे पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा अंक, ठरवतो; अंक चढला की आम्लता कमी. पीएच 6.35 च्या आसपास मुक्त वायू आणि बायकार्बोनेट निम्मे-निम्मे असतात. तिथून पीएच एका अंकाने चढला की बायकार्बोनेटच्या तुलनेत मुक्त वायू दहापट घटतो.

समजा पाण्याची आम्लशामक क्षमता, म्हणजे अल्कलिनिटी, लिटरमागे 0.5 मिलिसममूल्य आहे. मग पीएच 6.35 ला मुक्त वायू लिटरमागे सुमारे 500 मायक्रोमोल. पीएच 7.35 ला 50. पीएच 8.35 ला 5. पीएच 9.35 ला अर्धा मायक्रोमोल, आणि तिथे बायकार्बोनेटचा काही भाग कार्बोनेटमध्ये जात असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तुलनेसाठी, 25 अंश सेल्सिअसला हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात आज साधारण 13 ते 14 मायक्रोमोल असतो.

आता दिवस पाहू. रात्रभर झाडं, शेवाळ, किडे आणि चिखलातले जिवाणू श्वसन करतात. कार्बन डाय-ऑक्साइड साचत जातो, हवेत निसटायला त्याला वेळ लागतो, म्हणून पहाटे पाणी त्याने भरलेलं असतं, हवेशी समतोलाच्या कितीतरी पट. उजाडलं की सगळा हिरवा पसारा एकदम त्यावर तुटून पडतो. दुपार व्हायच्या आतच मुक्त वायू जवळपास संपतो, पीएच चढतो आणि पाण्यात ऑक्सिजनचे बुडबुडे दिसू लागतात. हवेतून नवा वायू येऊन भरपाई व्हावी, तर वायूचं विसरण पाण्यात हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश होतं. म्हणजे ऐन उन्हात, प्रकाश भरपूर असताना, कच्चा माल संपलेला.

हायड्रिलासारख्या काही पाणवनस्पती अशा वेळी बायकार्बोनेट वापरून निभावून नेतात. आयसोएटिसला ते जमत नाही. तिला मुक्त वायूच लागतो. त्यात दुपारी ऑक्सिजन चढलेला आणि कार्बन डाय-ऑक्साइड उतरलेला, म्हणजे साखर बनवण्यासाठी कार्बन पकडणारं रुबिस्को हे एन्झाइम कार्बनऐवजी ऑक्सिजन पकडण्याची शक्यता वाढते आणि प्रकाशश्वसनात घेतलेला कार्बनही वाया जातो.

आयसोएटिस हॉवेली काय करते? वायू मुबलक आणि गिऱ्हाईक कमी असतात तेव्हा, म्हणजे रात्री, तो भरून ठेवते. पीईपी कार्बोक्सिलेज हे एन्झाइम कार्बन पकडतं, मॅलिक आम्ल होतं, ते रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, साठतं. उजाडल्यावर पहिल्या काही तासांत पाण्यात वायू शिल्लक असतो तोवर ती थेटही घेते. पाणी रितं झालं की साठा फोडते: आम्लातून सुटलेला कार्बन डाय-ऑक्साइड पानाच्या आतच रुबिस्कोला मिळतो. कीली यांच्या मोजणीत रात्रीच्या कमाईचा वाटा एकूण कार्बनच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरला. हा जोडधंदा नव्हे. एवढा वाटा काढून घेतला तर झाडाचं भागणार नाही.

वाळवंटातलं निवडुंग आणि डबक्यातली आयसोएटिस यांचं यंत्र सारखं, टंचाई मात्र वेगळी. एकीकडे पाण्याची, दुसरीकडे कार्बनची. कॅमची व्याख्या 'पाणी वाचवण्याची युक्ती' अशी शिकवणं अपुरं आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिलं. अजूनही अनेक ठिकाणी ती तशीच शिकवली जाते, ही खरोखर खटकणारी गोष्ट.

आम्लाची मोजणी कशी करायची

हा प्रयोग कुठल्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होण्याजोगा आहे. मूळ निरीक्षण तर जिभेने झालं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेले बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पानं चाखून पाहिली: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्यांचं हे पत्र 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापलं गेलं. जिभेच्या जागी आता ब्युरेट आणि पीएच मीटर.

नमुने दोन वेळा घ्यायचे: सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, आणि संध्याकाळी चार ते पाचच्या दरम्यान. दर वेळी पाच वेगवेगळी झाडं, एकाच खोलीवरची. पानाच्या बुडाचे दोन सेंटिमीटर कापून टाकायचे. पांढऱ्या बुडात हरितद्रव्य नसतं, बीजुकांचं वजन मात्र असतं. ते मोजणीत आलं की ग्रॅममागचा आकडा खोटाच कमी दिसतो. पाण्यावर आलेली टोकंही वेगळी ठेवायची, त्याचं कारण पुढे येईल.

कापलेलं पान टिपकागदावर हलकेच टिपायचं. इथे एक ठरलेली चूक होते: पान पाण्यातच कापलं की हवानळ्यांत पाणी शिरतं आणि वजन वाढतं. म्हणून अख्खं झाड बाहेर काढायचं, बाहेरून कोरडं करायचं, मग कापायचं. 1 ग्रॅम ताजं वजन घेऊन लगेच 50 मिलिलिटर उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात टाकायचं आणि 15 ते 20 मिनिटं उकळायचं. जागेवर उकळणं शक्य नसेल तर नमुने अंधारात, बर्फाच्या पेटीत ठेवायचे. पहाटेचा नमुना पारदर्शक पिशवीत घालून उन्हात तासभर फिरवला, तर आम्ल पिशवीतच खर्च होतं आणि सकाळ-संध्याकाळचा फरक पुसला जातो. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

उकळल्याने दुसरंही काम होतं. नमुन्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड स्वतः आम्लासारखा वागतो आणि पहाटे तो जास्त असतो, म्हणजे चूक नेमकी हव्या त्या दिशेने होऊन आपल्याला खूश करते. उकळून तो घालवायचाच. गार झाल्यावर गाळून 0.01 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7.0 पर्यंत अनुमापन करायचं, म्हणजे ते थेंब-थेंब टाकून किती लागलं ते मोजायचं. फिनॉफ्थॅलीन वापरता येतं, पण अर्क हिरवट असल्याने फिका गुलाबी रंग ओळखणं अवघड जातं आणि त्याचा अंत्यबिंदू 8.3 च्या आसपास आहे. पीएच मीटर बरा. दोन्ही वेळांना अंत्यबिंदू एकच ठेवायचा, हे मात्र सक्तीचं. सोडियम हायड्रॉक्साइडचं जुनं द्रावण हवेतला वायू शोषून अशक्त होतं. त्याच दिवशी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने त्याची ताकद तपासून घ्यावी.

हिशेबाचा नमुना: पहाटेच्या 1 ग्रॅमला 12 मिलिलिटर लागले, संध्याकाळच्या 1 ग्रॅमला 2 मिलिलिटर. फरक 10 मिलिलिटर. 0.01 नॉर्मलच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 मायक्रोसममूल्य, म्हणून फरक ग्रॅममागे 100 मायक्रोसममूल्य. मॅलिक आम्लाच्या एका रेणूला दोन हायड्रोजन आयन, म्हणजे 50 मायक्रोमोल आम्ल. आणि एका रेणूमागे एक कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे ग्रॅममागे 50 मायक्रोमोल रात्रभरात बांधला गेला. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत.

पाण्याची मोजणी त्याच दिवशी, दर दोन-तीन तासांनी, पानांच्या पातळीवर करायची: पीएच, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन. अल्कलिनिटी दिवसातून एक-दोनदा पुरते. पीएच डबक्यातच मोजायचा. बाटलीत भरून नेलेलं पाणी वाटेत हवेशी देवाणघेवाण करतं आणि त्यातलं शेवाळ आपलं काम चालूच ठेवतं. फक्त सकाळी अकराला जाऊन एकदा पीएच घेणाऱ्याला या डबक्यात काहीच विशेष दिसणार नाही.

आम्ल वाढलं म्हणजे कॅमच का?

पहिला संशय रास्त होता. रात्री चिखलात आणि पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो. किण्वनातून, म्हणजे ऑक्सिजनविना साखर मोडण्यातून, आम्लं साचत असतील तर? याची तपासणी दोन बाजूंनी होते. एक, कुठलं आम्ल साठलं ते पाहायचं. रात्री कार्बन-14 असलेला वायू पुरवला तर तो मॅलिक आम्लात सापडायला हवा, आणि आयसोएटिस हॉवेलीत तो तसा सापडला. दुसरी बाजू पुरवठ्याची. रात्रीच्या पाण्यातून सोडालाइम या वायूशोषक चुन्यातून गाळलेली, कार्बन डाय-ऑक्साइडरहित हवा सोडत राहिलं, तर खऱ्या कॅममध्ये साधी हवा सोडलेल्या पाण्यापेक्षा आम्ल कमी साठायला हवं. ऑक्सिजन दोन्ही हवांत सारखाच, म्हणून किण्वन असेल तर दोन्हींत फरक पडायचं कारण नाही. ही तुलना केल्याशिवाय नुसत्या अनुमापनावरून 'कॅम' असं लिहू नये.

आणखी एक पुरावा शेजाऱ्याने दिला. त्याच डबक्यांत क्रॅसुला अ‍ॅक्वाटिका नावाची चिमुकली सपुष्प वनस्पती वाढते आणि तिच्यातही रात्री आम्ल चढतं, दिवसा उतरतं. आयसोएटिसशी तिचं दूरचंही नातं नाही. सारख्या टंचाईने दोघींना एकाच वाटेवर आणलं. युरोपातल्या तळ्यांमधली लिटोरेला युनिफ्लोरा ही याच यादीतली.

पाणी आटतं तेव्हा

प्रकरणाचा सर्वांत देखणा भाग हा. वसंतात पाणी उतरतं, पानांची टोकं हवेत येतात. हवेत कार्बन डाय-ऑक्साइड दुपारी संपत नाही. मग त्या टोकांमधला आम्लाचा चढ-उतार मावळतो, आणि त्याच पानाचा बुडालेला भाग मात्र कॅम चालू ठेवतो. एकाच पानाचे दोन तुकडे, वरचा एका रीतीने जगणारा आणि खालचा दुसऱ्या. टोकं वेगळी ठेवायची ती याचसाठी. दोन्ही एकत्र उकळली तर मिळतो तो कुठल्याच भागाचा नसलेला सरासरी आकडा.

पुढे पानं वाळतात, बुडं कुजतात, बीजुकं चिखलात पडतात. दृढकंद भेगाळल्या जमिनीत उन्हाळा काढतो. पुढच्या पावसात पाणी आलं की बीजुकं रुजतात आणि रेतुकांना पोहायला जागा मिळते.

मुळातून येणारा वायू

कीली, ऑसमंड आणि रेव्हन यांनी 1984 साली 'नेचर'मध्ये याच कुळातलं आणखी टोकाचं उदाहरण मांडलं. पेरूच्या अँडीजमध्ये, 4,000 मीटरच्या वर, स्टायलाइट्स नावाने वर्णन केलेली वनस्पती आहे; आता ती आयसोएटिस अँडिकोला म्हणून आयसोएटिसमध्येच धरली जाते. ती जमिनीवर वाढते, तरी तिच्या पानांना पर्णरंध्रं नाहीत. कार्बन डाय-ऑक्साइड ती मुळांवाटे, खालच्या कुजट दलदलीतून घेते आणि हवानळ्यांतून वर चढवते. थंड प्रदेशातल्या, पोषणद्रव्यं कमी असलेल्या स्वच्छ तळ्यांमधली आयसोएटिस लॅकस्ट्रिसही मुळांवाटे वायू घेते. अशा तळ्यात पाण्यात कार्बन कमी आणि गाळात जास्त असतो. ठेंगणी पानं, भरपूर मुळं आणि रुंद हवानळ्या ही ठेवण तिथे उपयोगी पडते. मात्र खतं वाहून येऊन पाणी गढूळ आणि शेवाळलेलं झालं की ठेंगण्या पानांवर अंधार पडतो, आणि ही वनस्पती सगळ्यात आधी जाते.

किती जुनी रीत?

आयसोएटिस ही लायकोपोडियमच्या शाखेतली. ही शाखा नेचे आणि बीजधारी वनस्पतींपासून 40 कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळी झाली. कार्बनी युगातल्या दलदलींमधले लेपिडोडेंड्रॉनसारखे वृक्ष, ज्यांचा आज कोळसा झाला आहे, ते हिचे जवळचे नातलग. पुरावा मुळात आहे: आयसोएटिसचं मूळ आडवं कापलं तर आत पोकळी आणि एका कडेला सरकलेली एकच वाहिनी दिसते, त्या वृक्षांच्या स्टिगमारिया नावाच्या अश्मीभूत मुळ्यांची रचनाही अशीच. आयसोएटिसला 'जिवंत जीवाश्म' म्हणण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. बाह्यरूप फारसं बदललेलं नसलं तरी रसायन बदललेलं आहे.

ते 2021 साली जनुकांतून दिसलं. तैवानच्या यांगमिंगशान राष्ट्रीय उद्यानातल्या एका छोट्या तळ्यातल्या आयसोएटिस तैवानेन्सिसचा सुमारे 1.66 अब्ज अक्षरांचा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण मजकूर, वाचला गेला. रात्री कार्बन पकडणाऱ्या पीईपी कार्बोक्सिलेजचे वनस्पतींमध्ये दोन प्रकार असतात. जमिनीवरच्या कॅम वनस्पती त्यांपैकी एकावर भिस्त ठेवतात. आयसोएटिसमध्ये 'जिवाणूसदृश' म्हणून ओळखला जाणारा दुसरा प्रकारही कामाला लागल्याची चिन्हं मिळाली. जनुकांच्या दैनंदिन वेळापत्रकातही फरक आढळले. म्हणजे निवडुंग आणि आयसोएटिस एकाच मुक्कामाला पोचले खरे, पण वाटेतले तपशील वेगळे.

सह्याद्रीच्या सड्यांवर

आपल्याकडे आयसोएटिस कोरोमँडेलिना सखल भागातल्या हंगामी पाण्यात आढळते, आणि आयसोएटिस पंचगणिएन्सिस तर पाचगणीच्या टेबललँडवरूनच वर्णन केलेली जात. जांभ्या दगडाच्या सड्यावरचं उथळ डबकं जूनमध्ये भरतं आणि पाऊस सरल्यावर आटतं. वर दिलेली मोजणी इथे करायची तर ऑगस्टमधला ढग फाटलेला, उन्हाचा दिवस निवडावा. सततच्या ढगाळ हवेत पाण्यातला वायू दुपारपर्यंत संपत नाही आणि उजेड कमी पडल्याने साठलेलं आम्लही पूर्ण खर्च होत नाही; निकाल मधलाच काहीतरी येतो.

झाड ओळखताना गेंद (इरिओकॉलॉन) या पाणथळ जागेतल्या वनस्पतीशी गल्लत होते. त्याचाही पानांचा झुबका डबक्याच्या कडेलाच असतो. गेंदाला दांड्यावर पांढरं बोंड येतं; बोंड नसेल तेव्हा बूड ओढून चमचा आणि बीजुककोश पाहावा. जात ठरवायला पिकलेली गुरुबीजुकं लागतात, म्हणून पाणी उतरू लागण्याच्या सुमाराला पुन्हा जावं लागतं. जूनमधल्या कोवळ्या झाडावरून जात सांगू नये. बीजुकं कागदी पुडीत पूर्ण वाळवून, कोरडीच भिंगाखाली ठेवायची. ओली असताना पृष्ठावरचे उंचवटे आणि जाळी नीट दिसत नाहीत.

एका डबक्यातून आम्लाच्या मोजणीसाठी अख्खी झाडं उपटण्याची गरज नसते. प्रत्येक झाडाची दोन-तीन बाहेरची पानं, झाड जागेवरच धरून, बुडाच्या वर कापली तर दृढकंद आणि बीजुककोश शाबूत राहतात. त्या रीतीत पान पाण्यात कापलं जाण्याचा धोका आहे. म्हणून पानाचा कापायचा भाग आधी पाण्याबाहेर वाकवून कोरडा करावा. आणि डबक्यात पाय न घालता काठावरून काम करावं, कारण पुढच्या पावसाळ्याची बीजुकं त्याच दोन बोटं जाडीच्या गाळात पडलेली असतात. टेबललँडसारख्या ठिकाणी गाड्यांची चाकं आणि घोड्यांचे खूर हा गाळ घट्ट दाबून टाकतात किंवा उचलून नेतात, आणि खालच्या कातळावर तो पुन्हा साठायला फार वर्षं जातात.